भांडण पक्षाच्या घरात, दिवाळे जनतेचे

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. मागच्या एका रविवारी आम्ही बाबासाहेबांचे २२ डिसेंबर १९५२ चे पुण्यातले भाषण वाचायला घेतले होते. पुणे जिल्हा विधी ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बाबासाहेबांनी त्या दिवशी लोकशाही यशस्वी व्हायची असेल तर कोणत्या गोष्टी आधी असाव्या लागतात, याची मांडणी केली. समाजात टोकाची विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायद्यासमोर आणि कारभारात सर्वांना समान वागणूक मिळावी, संविधानिक नीतिमत्ता पाळली जावी, बहुमताने अल्पमताला चिरडू नये आणि जनतेची सदसद्विवेकबुद्धी जागी असावी, असे ते मुद्दे. विरोधी पक्षाबद्दल बोलताना त्यांनी इंग्लंडचा दाखला दिला आहे. तिथे विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, कारण सरकारला जाब विचारणारा कुणीतरी असणे ही देशाचीच गरज मानली जाते.

एवढे वाचून झाल्यावर बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "दादा, ज्या इंग्लंडचा दाखला बाबासाहेबांनी दिला, तिथेच २०१६ ते २०२२ या सात वर्षांत पाच पंतप्रधान खुर्चीवर बसलेले आपण पाहिले. मग तो दाखला आज चालेल का?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी दिलेल्या उत्तराने आमचेच समाधान झाले नाही. म्हणून हा लेख.

आधी घडले काय ते पाहू. ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह आणि मजूर पक्ष म्हणजे लेबर, हे दोन प्रस्थापित पक्ष आहेत. युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, यावरून हुजूर पक्षात अनेक वर्षे भांडण धुमसत होते. पक्षातला एक गट सतत नेतृत्वाच्या मानगुटीवर बसलेला असायचा आणि बाहेरून नायजेल फराज यांचा पक्ष मते ओढत होता. हे भांडण कायमचे मिटवावे म्हणून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले. म्हणजे पक्षाच्या घरातले भांडण त्यांनी उचलून देशाच्या अंगणात आणून ठेवले. २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला.

पुढे थेरेसा मे आल्या. २०१७ मध्ये निवडणूक घेऊन त्यांनी हातातले बहुमत घालवले. युरोपशी केलेला त्यांचा करार जानेवारी २०१९ मध्ये कनिष्ठ सभागृहात २३० मतांनी पडला आणि त्यात त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी मोठ्या संख्येने विरोधात मतदान केले होते. मग बोरिस जॉन्सन आले. सप्टेंबर २०१९ मध्ये, कराराशिवाय बाहेर पडू नये या बाजूने मत दिले म्हणून त्यांनी आपल्याच २१ खासदारांना संसदीय पक्षातून बाहेर काढले. त्यात माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क होते आणि चर्चिलचे नातू निकोलस सोम्सही होते. डिसेंबर २०१९ मध्ये जॉन्सन यांनी ८० जागांचे बहुमत मिळवले. पण कोरोनाच्या काळात लोकांना स्वतःच्या माणसांच्या अंत्यविधीलाही धड जाता येत नव्हते, तेव्हा पंतप्रधानांच्या निवासस्थानी मेजवान्या झडत होत्या, हे उघड झाले. पोलिसांनी पदावरच्या पंतप्रधानाला दंड केला. जुलै २०२२ मध्ये ऋषी सुनक आणि साजिद जाविद यांनी एकाच संध्याकाळी राजीनामे दिले, मागोमाग राजीनाम्यांची रांग लागली आणि जॉन्सन यांना जावे लागले.

त्यानंतर लिझ ट्रस आल्या. हुजूर पक्षाच्या सभासदांनी मतदान करून त्यांना निवडले. त्यांना मिळालेली मते होती ८१,३२६. पावणेसात कोटींच्या देशाचा पंतप्रधान ८१ हजार लोकांनी ठरवला. आपल्याकडे एखाद्या महानगरपालिकेच्या दोन-तीन प्रभागांत याहून जास्त मतदार असतात. पक्षाच्या सभासदांना काय ऐकायला आवडते याचा अंदाज घेऊन ट्रस यांनी करकपातीचे आश्वासन दिले होते, आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी ४५ अब्ज पौंडांची करकपात त्यांनी जाहीरही केली. पैसा कुठून आणणार, याचे उत्तर नव्हते. सर्वांत श्रीमंतांवरचा ४५ टक्क्यांचा कर काढून टाकण्याचीही त्यात तरतूद होती. पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकाला गेला, बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदी करून बाजार सावरावा लागला आणि ज्या सामान्य माणसांनी कर्ज काढून घर घेतले होते त्यांचे हप्ते भडकले. डेली स्टार या वृत्तपत्राने कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा एक गड्डा ठेवला आणि विचारले, आधी कोण कोमेजते? गड्डा जिंकला. ट्रस ४९ दिवस पदावर होत्या.

या विनोदावर जग हसले. पण ज्याचा घराचा हप्ता वाढला तो हसला नाही. पक्षांतर्गत भांडणाचे बिल नेहमी असेच वाटले जाते. खुर्ची कुणाची जाते, कुणाला मिळते आणि पैसे मात्र तिसराच भरतो.

त्यानंतर आपल्याकडे दिवाळीत ऋषी सुनक यांच्या फोटोचे मेसेज फिरले. "ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्यावर आता आपला माणूस राज्य करणार" वगैरे. आम्हाला तेव्हाही हा आनंद समजला नव्हता. सुनक यांची निवड तर सभासदांच्या मतदानाशिवायच झाली, कारण पक्षाला आणखी एक भांडण परवडणारे नव्हते. माणूस आपल्या रंगाचा आहे म्हणून तो आपल्या प्रश्नाचा होतो असे नाही, हे बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळे सांगायला नको.

आता मजूर पक्षाकडे वळू, कारण नाव मजुरांचे असले तरी घरातली अवस्था फार वेगळी नाही. २०१५ मध्ये जेरेमी कॉर्बिन सभासदांच्या प्रचंड पाठिंब्याने नेते झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. सभासदांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. २०२० मध्ये किअर स्टार्मर आले. त्याच वर्षी समानता आणि मानवी हक्क आयोगाने अहवाल दिला, की ज्यूद्वेषाच्या तक्रारी हाताळताना मजूर पक्षाने समानतेचा कायदा मोडला. त्यावरच्या प्रतिक्रियेमुळे कॉर्बिन यांना निलंबित केले गेले. इथे आम्ही स्पष्टच बोलतो. कॉर्बिन दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेचे काम करत आलेले नेते आहेत, आपल्या प्रश्नावर ते बोलले आहेत, म्हणून त्यांच्या काळात ज्यू सभासदांवर झालेला अन्याय आम्ही झाकून ठेवणार नाही. भेदभाव आपल्यावर झाला तर अन्याय आणि दुसऱ्यावर झाला तर राजकारण, ही दुटप्पी भूमिका आंबेडकरी माणसाला शोभत नाही. पण त्या अहवालाचा आधार घेऊन पक्षातली संपूर्ण डावी फळी मोडून काढण्याचे काम झाले, हेही तितकेच खरे आहे. २०२४ मध्ये कॉर्बिन अपक्ष उभे राहिले आणि मजूर पक्षाच्या उमेदवाराला हरवून निवडून आले.

४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. मथळे होते 'ऐतिहासिक विजय'. आकडे जवळून पाहा. मजूर पक्षाची मते होती ३३.७ टक्के. २०१७ मध्ये कॉर्बिन हरले तेव्हा पक्षाला ४० टक्के मते होती. २०१९ मध्ये दारुण पराभव झाला तेव्हा पक्षाला सुमारे १ कोटी ३ लाख लोकांनी मते दिली होती, आणि २०२४ च्या 'ऐतिहासिक' विजयात ९७ लाखांनी. म्हणजे पराभवात जास्त मते आणि विजयात कमी. मतदान झाले सुमारे ६० टक्के. १९५० मध्ये तिथे जवळपास ८४ टक्के मतदान होत असे. हिशोब केला तर नोंदणी झालेल्या पाच मतदारांपैकी एकानेच या सरकारला मत दिले आहे. दुसरीकडे फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मते मिळाली आणि जागा फक्त ५. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही आपण इंग्लंडकडूनच घेतलेली पद्धत. मते फुटली की ती कसे चित्र दाखवते, याचा याहून मोठा नमुना सापडणार नाही.

एका मतदारसंघाचे उदाहरण देतो. लेस्टर ईस्ट. भारतीय वंशाच्या लोकांची इथे मोठी वस्ती आहे आणि वर्षानुवर्षे मजूर पक्षाचा हा बालेकिल्ला होता. २०२४ मध्ये तिथे मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवारासमोर त्याच पक्षाचे दोन माजी खासदार वेगवेगळे उभे राहिले, क्लॉडिया वेब आणि कीथ वाझ. देशभर हुजूर पक्षाची धूळधाण होत असताना हा एक मतदारसंघ मात्र त्यांनी मजूर पक्षाकडून हिसकावून घेतला. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाने दुसऱ्याकडून जिंकलेली ही एकमेव जागा. मजूर पक्षाचा उमेदवार आणि ते दोघे माजी खासदार यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा जास्त होती. हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना आपले मतदारसंघ आठवतील. रिपब्लिकन पक्षाचे किती गट आहेत हे मोजायला आपल्यालाच वेळ लागतो, तेव्हा लेस्टरवाल्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

लोकांना हे सगळे कळत नाही असे समजू नका. ब्रिटनमध्ये सामाजिक धारणांची एक पाहणी दरवर्षी होते. २०२३ च्या पाहणीत विचारले होते, की कोणत्याही पक्षाचे सरकार पक्षहितापेक्षा देशहित वर ठेवेल असा तुम्हाला विश्वास वाटतो का? ४५ टक्के लोक म्हणाले, जवळपास कधीच नाही. पाहणी सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक होता. लोकांची नेमकी तक्रार पाहा. पक्ष वाईट आहेत एवढेच ते म्हणत नाहीत. पक्ष स्वतःसाठीच जगतात, असे ते म्हणतात.

पण इथे आम्हाला एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहायचे आहे. पक्षात भांडणे होतात म्हणून लोकांचा विश्वास उडतो, म्हणून पक्षात शिस्त हवी, एक नेता, एक आवाज हवा, असे बोलणारे तिकडेही आहेत आणि इकडे तर फारच आहेत. आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. भांडण दोन प्रकारचे असते. एक खुर्चीसाठी, दुसरे प्रश्नासाठी. ब्रिटनमध्ये पहिल्या प्रकाराला बक्षीस मिळत गेले आणि दुसऱ्या प्रकाराला शिक्षा. लोकांचा विश्वास तिथे उडाला.

जुलै २०२४ चे उदाहरण घ्या. गरीब कुटुंबांना मुलांसाठी जी सरकारी मदत मिळते, ती पहिल्या दोन मुलांपुरतीच द्यायची, असा नियम हुजूर सरकारने २०१७ पासून लागू केला होता. तिसऱ्या मुलाने काय गुन्हा केला, हा साधा प्रश्न. नवे मजूर सरकार आल्यावर काही आठवड्यांत हा नियम रद्द करण्याची दुरुस्ती सभागृहात आली. सात मजूर खासदारांनी तिच्या बाजूने मत दिले आणि पक्षाने त्या सातही जणांना सहा महिन्यांसाठी संसदीय पक्षातून निलंबित केले. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने तो नियम एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याची घोषणा केली. म्हणजे ते सात जण बरोबर होते. त्यांचा अपराध एवढाच, की ते सव्वा वर्ष आधी बरोबर होते. वृद्धांच्या हिवाळी इंधन भत्त्याचेही तेच झाले. आधी कपात, मग पक्षातून आणि जनतेतून ओरड, मग माघार. घरात बोलणाऱ्याला गप्प केले नसते तर रस्त्यावर नाचक्की झाली नसती.

आता आपल्या अगदी जवळचा धागा. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वंशभेदाविरुद्ध संरक्षण आहे. त्यात 'जात' हा शब्दही घालावा, अशी मागणी तिथल्या दलित, रविदासिया, वाल्मिकी आणि बौद्ध संघटना करत होत्या. सरकारसाठी केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जातीवरून भेदभाव होत असल्याचे पुरावे मिळाले होते. २०१३ मध्ये हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचे आघाडी सरकार होते आणि सरकारचा या मागणीला विरोध होता. तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ज्यांनी ही मागणी लावून धरली त्यांत लॉर्ड एव्हबरी होते. ते सत्ताधारी आघाडीतल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे आणि स्वतः बौद्ध होते. स्वतःच्या सरकारची भूमिका काय आहे हे त्यांना माहीत होते, तरी ते बोलले. लॉर्ड्सने दुरुस्ती केली, कॉमन्सने फेटाळली, लॉर्ड्सने पुन्हा आग्रह धरला आणि एप्रिल २०१३ मध्ये सरकारला नमावे लागले. जातीचा समावेश करणे सरकारवर बंधनकारक झाले. प्रश्नासाठीचे भांडण म्हणतात ते हे. त्यातून एव्हबरींना कोणती खुर्ची मिळणार होती?

आणि पुढे काय झाले? कायद्याने बंधनकारक केलेली गोष्ट कुणी केलीच नाही. अनेक हिंदू संघटनांनी विरोध केला, मतपेढ्यांचे हिशोब झाले, २०१७ मध्ये जनतेची मते मागवली गेली. १६ हजारांहून जास्त उत्तरे आली. जुलै २०१८ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारने जाहीर केले, की कायद्यात जात घालण्याची गरज नाही, न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत. तो महिना लक्षात ठेवा. त्याच महिन्यात बोरिस जॉन्सन आणि डेव्हिड डेव्हिस यांनी ब्रेक्झिटवरून मंत्रिमंडळातून राजीनामे दिले होते आणि देशातली प्रत्येक वृत्तवाहिनी त्यांच्या मागे धावत होती. पंतप्रधान आपली खुर्ची वाचवण्यात गुंतल्या होत्या. त्या गदारोळात आपल्या लोकांचा प्रश्न बाजूला सारला गेला आणि त्याची फारशी बातमीही झाली नाही. पुढे जॉन्सन आले, ट्रस आल्या, सुनक आले. 'आपला माणूस' आला तरी ती फाईल हलली नाही. २०२४ मध्ये मजूर पक्ष आला, त्याच्याही पहिल्या वर्षभरात तो शब्द कायद्यात आला नाही.

न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत म्हणजे काय, तेही पाहा. ज्या खटल्याचा आधार दिला जातो, तो भारतातून घरकामासाठी नेलेल्या एका आदिवासी महिलेचा आहे. तिला ताशी जेमतेम ११ पेन्स पडत होते. २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने म्हटले, की जात ही काही वेळा वांशिक मूळ या संज्ञेत बसू शकते. ती बाई लढली, तिला थकीत वेतन मिळाले, तिला आमचा जय भीम. पण 'काही वेळा बसू शकते' या शब्दांवर कोणती कामगार बाई मालकाविरुद्ध उभी राहील? वकील कुठून आणेल? स्पष्ट कायदा गरिबाच्या कामाचा असतो. संदिग्ध कायद्यावर लढायला पैसा लागतो.

लोकांच्या निराशेची रिकामी जागा रिकामी राहत नाही. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्टच्या हत्याकांडानंतर खोट्या अफवांवर दंगली उसळल्या. मशिदींवर आणि आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलांवर हल्ले झाले. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्म पक्षाने ६७७ जागा जिंकल्या. प्रस्थापितांना कंटाळलेल्या माणसाला कुणीतरी सांगते, तुझ्या हालाला तो परका माणूस जबाबदार आहे, आणि त्याला ते पटते. परका म्हणजे कोण? तिथे शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेला आपला भाऊही त्यात आला. राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून त्याला तिथे मतदान करता येते, पण रात्री शेवटच्या बसने घरी जाताना त्या मताचा काय उपयोग?

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. बाबासाहेबांचा दाखला खोटा ठरलेला नाही. त्यांनी इंग्लंडच्या इमारतीचे कौतुक केले नव्हते, त्या इमारतीच्या पायाचे कौतुक केले होते. सरकारला जाब विचारणाऱ्याचा मान हा तो पाया. ब्रिटन आजही विरोधी पक्षनेत्याला पगार देते. पण पक्षाच्या आत जाब विचारणाऱ्याला बाहेर काढते, आणि ८१ हजार सभासदांना खूश करून कोट्यवधींचा कारभार चालवता येतो असे समजते. पगार चालू राहिला, नीतिमत्ता सुटली. लोकांची सदसद्विवेकबुद्धी मेली असेही आम्ही मानत नाही. 'जवळपास कधीच विश्वास वाटत नाही' असे सांगणारे ४५ टक्के लोक खोटे बोलत नव्हते, ते जाब विचारत होते. ऐकणारा पक्ष तेवढा नव्हता.

आपल्या चळवळीतही कुणी उठून प्रश्न विचारला, की पहिला सवाल येतो, "तू कोणत्या गटाचा?" हा सवाल बंद करून "तुझा प्रश्न काय?" असे विचारायला आपण कधी शिकणार? पुढच्या रविवारी विहारात हाच विषय ठेवला आहे. त्या मुलीलाच मांडणी करायला सांगितले आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर यावे, भांडावे. फक्त भांडण प्रश्नासाठी असावे.

जय भीम.